कास्तुलोमामाच्या नावाचा सलाम

आमच्या वाय्येदुपारच्या खोऱ्यात गाणं नुसतं ऐकायचं नसतं, त्यात आपलं नाव यावं लागतं. ॲकॉर्डियन रंगात आलं आणि गायकाला दम खायला जरा फट मिळाली, की तो मध्येच आरोळी ठोकतो, "आणि हा सलाम अमक्याला, तमक्या गावी!" झालं! त्या माणसाचं सोनं झालं. त्याची बायको रेडिओचा आवाज वाढवते, शेजारणी जळतात, आणि तो स्वतः दिवसभर काही ऐकलंच नाही असं तोंड करून फिरतो. खाटीक, दंतवैद्य, आमदार आणि ज्यांच्या धंद्याची चौकशी करू नये अशी माणसं, सगळी या सलामासाठी जीव टाकतात. पण नाव आणि गाव दोन्ही पाहिजे हं! नुसतं नाव घेतलं तर गायकाच्याच तोंडाला चव राहत नाही. नाव घ्यायचं आणि गाव गाळायचं म्हणजे माणसाला दारात उभं करून आत न बोलावण्यासारखं.

याच सलामांच्या जिवावर ओदालिस पेर्तूसनं कॉलेजची शेवटची पायरी चढायची ठरवली होती.

ओदालिसची आई नूबिया बस टर्मिनलबाहेर अरेपा, म्हणजे मक्याच्या पिठाच्या अंडं भरलेल्या पुऱ्या, तळायची. पोरीनं कॉलेजात नाव घातलं ते गाण्याच्या धंद्याच्या अभ्यासक्रमाला, हे कळलं तेव्हा नूबियानं झारा कढईतच सोडला होता. "गाण्याचा धंदा? अगं, आपल्याकडे गाण्यापायी लोक गुरं विकतात, बायका सोडतात, त्याचं शिक्षण घ्यायला फी भरायची?" ओदालिस हसून म्हणाली, "म्हणूनच शिकायचं, आई. बुडायचं कसं ते सगळ्यांना येतं. तरायचं कसं ते मला शिकायचंय." पोरगी बोलायला तिखट. नूबिया दोन दिवस फुरंगटली आणि तिसऱ्या दिवशी गल्लीभर सांगत सुटली, की माझी मुलगी गाण्यांची वकील होणार.

वकील नाही, पण जवळपास तेच. करार कसा करायचा, गाणं कुणाच्या नावावर नोंदवायचं, ते लोकांच्या कानापर्यंत कसं पोचवायचं, हे सगळं इरियार्ते मास्तर शिकवत. ते राजधानीचे, बोगोताचे, उकाड्यातही कोट घालणारे. खोऱ्यात येऊन सहा वर्षं झाली तरी त्यांना नाचता येत नव्हतं. पण आपला विषय त्यांना पाठ होता, आणि ओदालिस त्यांची लाडकी विद्यार्थिनी. शेवटच्या सत्राला त्यांनी काम दिलं ते असं: खरं गाणं खऱ्या कलाकारांकडून ध्वनिमुद्रित करून बाजारात आणायचं. ठरल्या शुक्रवारी गाणं हातात पडलं नाही, तर सत्र पुन्हा. मास्तरांच्या तोंडून एकदा निघालं की निघालं, रडून काही उपयोग नाही.

ओदालिसनं विल्मान नावाचा नवा गायक गाठला. आवाज गोड, डोकं हलकं. ॲकॉर्डियनला म्हातारा आबिगाईल, म्हणजे तिच्या आईच्या गावचा, लोस काम्पानोसचा. करार तिनं स्वतः लिहिला आणि त्यात एक कलम घातलं: गाण्यात काय राहील आणि काय जाईल, याचा शेवटचा शब्द निर्मातीचा. निर्माती म्हणजे ती. मास्तरांनी ते कलम वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. स्टुडिओचा खर्च निघावा म्हणून गाण्यातल्या फटी तिनं विकल्या: एक सलाम टायरवाल्याला, एक लोखंडाच्या दुकानदाराला, एक नगरसेवकाच्या सासूला. शेवटची फट मात्र तिनं विकली नाही. ती तिच्या मामासाठी होती.

आता या मामाचं सांगितलं पाहिजे. कास्तुलोमामा नूबियाचा धाकटा भाऊ. मांडीत धरून वाजवायचा छोटा ढोल असतो ना आमचा, तो त्याच्यासारखा लोस काम्पानोसमध्ये कुणी वाजवला नाही. पंधरा वर्षांपूर्वी बंदुकवाले गावात शिरले, फुटबॉलच्या मैदानावर त्यांनी माणसं गोळा केली, आणि पुढे जे झालं ते मी सांगत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. बंदुकवाल्यांच्या पुढे बोट दाखवत चालणारा एक जण आपल्याच भागातला होता. त्याचं नाव आजही कुणी घेत नाही, 'तो' म्हणतात. कास्तुलोमामानं ते नाव न्यायाधीशासमोर घेतलं. अख्ख्या गावात एकट्या त्यानं! 'तो' तुरुंगात गेला आणि आठवड्याच्या आत मामाचं घर जळालं. मामा नाहीसा झाला. नूबिया सगळ्यांना सांगायची, भाऊ सीमेपलीकडे माराकाइबोला गेला, तिकडेच लग्न केलं, आम्हाला विसरला मेला. सांगता सांगता खोटं खोटं रडायची आणि मग खरंच रडायची.

मामा माराकाइबोला नव्हता. पाणथळीच्या काठी पुएर्तो नीस्पेरो नावाचं कोळ्यांचं गाव आहे, तिथं लुईस नावानं सायकली दुरुस्त करत होता. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात नूबिया आणि ओदालिस समुद्रावर जातो असं सांगून तिकडे जायच्या. तळलेले मासे, उकडलेला युकाचा कंद, आणि मामाची बोटं माशांच्या खोक्यावर हळूच ताल धरायची. ढोल घरात ठेवायची सोय नव्हती, कारण लुईसला ढोल येत नाही ना! एकदा तो ओदालिसला म्हणाला, "पोरी, मला माझ्या नावानं कुणी हाक मारली त्याला किती वर्षं झाली गं? हल्ली मला स्वप्नातसुद्धा लुईस म्हणतात." हसत म्हणाला. ओदालिसच्या काळजात ते रुतून बसलं.

म्हणून ती शेवटची फट. नुसतं नाव. "कास्तुलोला सलाम", बस्स. खोऱ्यात कास्तुलो काय एकच आहे? आडनाव नाही, गाव नाही, कुणाच्या बापाला कळतंय! मामा कुठेतरी बसमध्ये ऐकेल आणि त्याला कळेल, की आपण अजून आहोत. वाईट काय होतं त्यात, सांगा.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी आबिगाईलनं कानाला हेडफोन लावायला साफ नकार दिला. "मी काय विमान चालवतोय?" म्हणाला. मग सगळ्यांनी एकाच खोलीत, एकाच वेळी वाजवायचं ठरलं. गाणं झकास चाललं होतं. टायरवाला झाला, लोखंडवाला झाला, सासूबाई झाल्या. शेवटच्या फटीच्या आधी विल्माननं हातानंच ओदालिसला खुणावलं: गाव? ओदालिसनं मान हलवली: गाव नाही. विल्मानचा चेहरा पडला. आणि म्हातारा आबिगाईल! कास्तुलोचं नाव ऐकल्यापासून त्याचे डोळे भरलेले होते. तारुण्यात दोघं एकत्र वाजवायचे. त्यानं भाता ओढता ओढताच विल्मानच्या कानाशी तोंड नेलं. विल्मानच्या तोंडून नाव आलं, "कास्तुलो, ढोलाचा राजा," आणि पाठोपाठ गाव आलं, "पुएर्तो नीस्पेरोला!" आणि त्याबरोबर आबिगाईलनं अशी तान घेतली, की काचेपलीकडचा तंत्रज्ञ खुर्चीतून उठला.

गाणं संपताच ओदालिस आबिगाईलपाशी धावली. "काका, हे काय केलंत? तुम्हाला कसं ठाऊक?"

"अगं, दोन वर्षांपूर्वी तिथल्या मासळीबाजारात पाहिला ना त्याला! त्यानं तोंड फिरवलं, मीही फिरवलं. मला वाटलं, तूच नाव देतेयस म्हणजे आता भीती सरली असेल," म्हातारा गोंधळून म्हणाला. "पुसून टाक की. आता यंत्रं आहेत."

यंत्रं होती, पण आवाज एकाच खोलीतले. तंत्रज्ञानं वाजवून दाखवलं: गाव काढलं की ती तानही जाते आणि गाणं तिथं लंगडतं. "पुन्हा वाजवून घे," तो म्हणाला, "पण मी सोमवारशिवाय मोकळा नाही." आबिगाईल म्हणाला, "सोमवारी येतो मी, पोरी, फुकट येतो." आणि काम द्यायचं होतं शुक्रवारी.

ओदालिस तिथंच बसली. पुन्हा पुन्हा तो तुकडा ऐकला. ऐकता ऐकता तिनं स्वतःची समजूत घातली, कशी घालतो आपण ते तुम्हालाही माहीत आहे. पंधरा वर्षं झाली. 'तो' तुरुंगात आहे. विद्यार्थिनीचं गाणं ऐकणार कोण? आणि तान खरोखरच अप्रतिम होती, हेही खरं. शेवटी म्हणाली, "राहू दे."

'तो' सुटून तीन महिने झाले होते. आमच्याकडे अशा बातम्या मोठ्यानं सांगत नाहीत, आणि ओदालिस त्या दिवसांत अभ्यासात बुडालेली.

गाणं शुक्रवारी दिलं, कौतुक झालं, आणि मग प्रसार. इथं तर तिनं कमालच केली. रेडिओवाल्यांच्या मागं न लागता तिनं गाणं पेन ड्राइव्हमध्ये भरलं आणि टर्मिनलवरच्या बसचालकांना फुकट वाटलं. आईच्या अरेपा खाणारे सगळे ओळखीचे. "ऐका, आवडलं तर दुसऱ्याला द्या." त्यांना आवडलं. खोऱ्यातून किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या प्रत्येक बसमध्ये, प्रत्येक ढाब्यावर, भाजीबाजारातल्या कर्ण्यांवर ते गाणं वाजायला लागलं. इरियार्ते मास्तर वर्गात म्हणाले, "याला म्हणतात बाजार समजणं."

नूबियानं गाणं ऐकलं ते कढईसमोर उभी असताना. नाव कानावर पडलं तशी ती हसली म्हणे, क्षणभर, लहान मुलीसारखी. मग गाव कानावर पडलं. कढई तशीच जळत सोडून ती घरी आली.

"कुणी दिलं ते नाव?"

ओदालिसला खरं सांगायचं होतं. तोंड उघडलंही. पण आईचे डोळे पाहून तिचं अवसान गळालं, आणि बाहेर पडलं ते अर्धं. "आबिगाईलकाकांच्या तोंडून गेलं, आई. वाजवताना."

"मुडदा बसवला त्याचा!" नूबिया खाली बसली. "अगं, 'तो' बाहेर आलाय. गेल्या आठवड्यात समोरून गेला माझ्या. अरेपा घेऊन गेला माझ्याकडून, थँक्यू म्हणाला!"

ओदालिसनं पायांत चपलाही घातल्या नाहीत. ती तशीच मास्तरांकडे धावली. गाणं मागं घ्यायचं कसं? मास्तरांना वाटलं, कुणी चोरीचा दावा लावलाय. इंटरनेटच्या दुकानांतून काढता येईल, म्हणाले, अर्ज करू, काही दिवस लागतील. "आणि बसमधलं?" मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "बसमधलं कसं काढणार? तुझी योजनाच ती होती, की ते कुणाला थांबवता येऊ नये." मग थोडं थांबून म्हणाले, "गाणं पसरवायला शिकवतो आम्ही. परत घ्यायला आजवर कुणी विचारलं नाही." बिचारे खरंच ओशाळले होते.

टर्मिनलवर तिनं एकेका चालकाचे पाय धरले. एव्हेर नावाचा चालक, लहानपणापासून तिला ओळखणारा, हसला. "अगं बाई, वाटा म्हणालीस, आम्ही वाटलं. आता नको म्हणतेस? प्रसिद्ध झालीस म्हणून भाव खातेस काय!" कारण सांगता येत नव्हतं. कारण सांगायचं म्हणजे मामाचा पत्ता पुन्हा एकदा सांगणं. ती त्याच्याच बसमध्ये बसून पुएर्तो नीस्पेरोला गेली, आणि वाटेत ते गाणं दोनदा वाजलं. दुसऱ्या वेळी अख्खी बस त्या तानेला ओरडली. ओदालिसनं कानांवर हात ठेवले, शेजारच्या बाईला वाटलं हिचं डोकं दुखतंय.

मामा दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसला होता, आणि त्याच्या मांडीत ढोल होता! कुणाकडून तरी मागून आणलेला, जुना, कातडं सैल झालेला. रस्त्यानं जाणारा कोळी ओरडला, "कास्तुलो, बारमध्ये येतोस का?" आणि मामानं हात वर केला.

"मामा, तुम्ही त्यांना सांगितलंत?"

"विचारलं त्यांनी. गावात ढोलाचा राजा कोण म्हणून सगळे शोधत होते, धमाल चालली होती नुसती. दोन दिवस गप्प बसलो. मग बस्स झालं, म्हटलं." त्यानं तिला बसवलं. "नाव तूच दिलंस ना?"

ओदालिस रडायला लागली. सगळं सांगितलं: आबिगाईल, तान, शुक्रवार, सोमवार, आणि आईला सांगितलेलं अर्धं खोटं. 'तो' सुटलाय हेही सांगितलं. मामा ऐकत राहिला. सोमवारचं आलं तेव्हा मात्र त्यानं डोळे मिटले. त्यालाही ते लागलं, आपण त्याला देव करायला नको.

"चला मामा, आत्ता चला. सांता मार्ता शहरात माझी मैत्रीण आहे."

"जाऊ. रविवारी गावची जत्रा आहे, त्यांनी मला वाजवायला सांगितलंय. ती झाली की येतो. खरंच येतो."

"मामा, तुम्हाला कळत कसं नाही? मारतील ते!"

"कळतंय गं," तो चिडून म्हणाला. "मला नाही कळणार तर कुणाला कळणार? पण पंधरा वर्षं लुईस होऊन मी काय जगलो ते तुला नाही कळत. एक रविवार दे मला." मग आवाज उतरवून म्हणाला, "घाबरलोय मी. पण जातो म्हटलं तरी पाय निघत नाहीत."

तिनं विनवलं, भांडली, हात धरून ओढलं. शेवटची बस सुटायला लागली तशी एकटीच परतली. रविवारी संध्याकाळी स्वतः न्यायला येते, असं ठरलं.

शनिवारी सकाळी मोटरसायकलवरून दोन पोरं आली. त्यांनी मामाला कधी पाहिलेलं नव्हतं. मामाच्या दुकानासमोरच्या बाजारात एकानं अगदी सभ्यपणे विचारलं, "इथं कास्तुलो कोण?"

महिन्यापूर्वी विचारलं असतं तर गाव म्हणालं असतं, असा इथं कुणी नाही. मामा सायकलीच्या चाकावरून वर पाहून म्हणाला, "मी."

मामाचं प्रेत नूबियाच्या घरी आणलं. आता लपवायचं काय राहिलं होतं? अंगणात ताडपत्री, भाड्याच्या खुर्च्या, आत मेणबत्त्या आणि जपमाळा. लोस काम्पानोसची माणसं आली, ज्यांनी पंधरा वर्षांत कास्तुलोचं नाव काढलं नव्हतं ती सुद्धा. येऊन म्हणत होती, कसा वाजवायचा हो! दुपार कलताना म्हातारा आबिगाईल आला. डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरलेली, ॲकॉर्डियन बरोबर नाही. दारात पाऊल ठेवतो न ठेवतो तोच नूबिया उठली.

"तू? तू आलास माझ्या दारात?" तिनं त्याची वाट अडवली. "माझ्या भावाचा पत्ता तू ओकलास, मेल्या! एका तानेसाठी विकलास त्याला! भाऊ म्हणायचास ना? जेवलास ना माझ्या आईच्या हातचं? नीघ. कुणीही याला कॉफी द्यायची नाही. याला खोऱ्यात कुणी वाजवायला बोलावलं तर मी त्याच्या दारात जाऊन बसेन!"

म्हाताऱ्यानं टोपी आणखी घट्ट धरली. त्यानं ओदालिसकडे पाहिलं. त्याला सगळं माहीत होतं: नाव कुणी दिलं, शेवटचा शब्द कुणाचा होता, सोमवारी फुकट येतो कोण म्हणालं होतं. पण तो बोलला नाही. "चूक झाली, नूबिया," एवढंच म्हणाला, आणि वळला. ज्यांच्या लग्नांत त्यानं रात्ररात्र वाजवलं होतं, ती माणसं त्याला वाट द्यायला खुर्च्या सरकवत होती. त्यातला एक जण थुंकला.

तो फाटकापर्यंत पोचला. ओदालिस आईच्या मागं कॉफीचं तबक घेऊन उभी होती. मामानं तर त्या दिवशी ती निघताना म्हटलंच होतं, आईला सांगू नकोस, ती सहन करणार नाही. गप्प राहिली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं. म्हातारा आणखी किती वर्षं जगणार होता?

"काका, थांबा," ती म्हणाली. तबक खाली ठेवायलाही तिला जागा सापडेना, ते तसंच हातात होतं. "आई, मी अर्धंच सांगितलं तुला. नाव मी दिलं होतं. गाव काकांच्या तोंडून गेलं, पण ते पुसून टाक असं त्यांनीच सांगितलं. सोमवारी पुन्हा वाजवायला येतो म्हणाले. पुसायचं की ठेवायचं ते माझ्या हातात होतं, कागदावर तसं लिहिलंय, मीच लिहिलंय. मी म्हटलं, राहू दे. काम शुक्रवारी द्यायचं होतं. सोमवारपर्यंत थांबले असते तर नापास झाले असते."

अंगणातल्या माणसांनी माना वळवल्या. आत जप म्हणणाऱ्या बायकासुद्धा दाराशी आल्या.

नूबिया लेकीकडे वळली. ओरडली असती तर बरं झालं असतं, मारलं असतं तर त्याहून बरं. तिनं अगदी घरगुती आवाजात, परीक्षा देऊन आलेल्या मुलीला विचारावं तसं विचारलं,

"मग? किती पडले?"

ओदालिसला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं तबक छातीशी ओढून धरलं.

"पाचपैकी पाच," ती म्हणाली.

"बरं," नूबिया म्हणाली. तिनं लेकीच्या हातातलं तबक काढून घेतलं, फाटकापर्यंत गेली, आणि आबिगाईलला दंडाला धरून आत घेऊन आली.